खोली रिकामी व्हावी म्हणून

दर शुक्रवारी चर्चमधली सकाळची मिस्सा संपली की सिस्टर आजाऱ्यांच्या घरी कम्युनियनचा प्रसाद घेऊन निघत. गळ्यातल्या दोरीला एक छोटी सोनेरी डबी असे आणि डबीत पवित्र भाकरीच्या पातळ पांढऱ्या चकत्या. डबी जवळ असताना वाटेत कोणाशी बोलायचं नाही, असा त्यांच्या मठाचा रिवाज होता. गल्लीतल्या लोकांना तो ठाऊक होता. एरवी सिस्टर दिसल्या की बेकरीवाला हाक मारून दोन विनोद ऐकवल्याशिवाय सोडत नसे. शुक्रवारी मात्र तो नुसती टोपी काढून बाजूला उभा राही.

सिस्टरांचं शेवटचं घर शिवणबाईंचं. बाईंना सगळे शिवणबाईच म्हणत. मठातल्या सगळ्या सिस्टरांचे झगे त्यांनी शिवलेले, आणि पहिल्या कम्युनियनला मुलं जे पांढरे कपडे घालतात तेही. सिस्टर मठात नव्या होत्या तेव्हा त्यांचं पहिलं माप बाईंनीच घेतलं होतं. तोंडात टाचण्या धरून त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, खिसा खोल ठेवते. लोक येता-जाता आपली दुःखं त्यात कोंबतील. उथळ खिशाची सिस्टर काय कामाची?"

आता बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पाय गेले, मग हात कापू लागले. खाली त्यांच्या शिवणाच्या दुकानाचं शटर कायमचं उतरलं आणि वरच्या खोलीत शिवणयंत्र चादर पांघरून बसलं. घर बाईंचं, पण मूलबाळ नाही. म्हणून भाचा आणि भाचेसून राहायला आले. भाचा औषधांच्या दुकानात कामाला होता. सगळे म्हणत, बाईंचं नशीब थोर, घरातच औषध आणि घरातच माणूस.

खरंच, त्याच्यासारखी तयारी कोणाच्या घरी नसे. सिस्टर जिना चढून वर येईपर्यंत स्टुलावर पांढरं कापड अंथरलेलं असे, त्यावर पेटती मेणबत्ती आणि पाण्याचा ग्लास. लहानपणी तो मिस्सेत फादरांना मदत करणारा वेदीसेवक होता, त्यामुळे प्रार्थनेची सगळी उत्तरं त्याला तोंडपाठ. हात जोडून तो दाराला पाठ लावून उभा राही आणि शेवटपर्यंत तिथून हलत नसे.

"पोरी," एका शुक्रवारी शिवणबाई म्हणाल्या, "मला पापनिवेदन करायचंय."

सिस्टर हसल्या. "बाई, पलंगावर पडल्या पडल्या कसली पापं करता तुम्ही?"

"आहेत."

"आत्याचं हे असंच चाललंय," भाचा दारातून प्रेमाने म्हणाला. "कधी म्हणते दूध कडू आहे, कधी म्हणते यंत्र कोणीतरी चालवतंय. वय झालं, सिस्टर."

पापनिवेदन ऐकायचा अधिकार फक्त फादरांना. सिस्टर ते ऐकू शकत नाहीत, क्षमाही देऊ शकत नाहीत. आणि फादर एकटे, त्यांच्याकडे तीन चर्चची कामं. शिवाय सिस्टरांनी बरीच म्हातारी माणसं पाहिली होती, ज्यांना आयुष्याच्या शेवटी वाळूच्या कणाएवढी चूकसुद्धा डोंगराएवढी दिसते. त्यांनी बाईंचा हात थोपटला. "मनातल्या मनात देवाला सांगा. त्याला ऐकू येतं."

"देवाला माहीत आहे गं," बाई म्हणाल्या. त्या सिस्टरांकडे पाहत नव्हत्या. त्या दाराकडे पाहत होत्या.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. बाईंचे शब्द मात्र दर खेपेला जड होत चालले होते, ओल्या पोत्यासारखे. चकती जिभेवर ठेवली तर तिथेच चिकटून राहायची. चमच्याने पाणी पाजावं लागे. सिस्टर खाली वाकल्या की बाई त्यांच्या झग्याची शिवण चिमटीत धरत आणि सोडत नसत.

"डॉक्टरबाईंना दाखवलं का?" सिस्टरांनी विचारलं.

"त्यांना कशाला त्रास?" भाचा म्हणाला. "मी रोज औषधांतच असतो ना."

त्या दिवशी निघताना सिस्टरांना खोलीच्या दारावर एक नवी कडी दिसली. बाहेरच्या बाजूने, उंचावर लावलेली. स्क्रू अजून चकाकत होते.

"आत्या उठून जिन्याकडे जाते," त्यांची नजर पाहून भाचा म्हणाला. "पडली म्हणजे?"

सिस्टरांनी मान डोलावली. अर्धा जिना उतरल्यावर त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईंचे पाय तर केव्हाच गेले होते. पण मठापर्यंतची वाट अजून पुढे होती, डबी अजून गळ्यात होती, आणि दार लावून घेणाऱ्या माणसाचा चेहरा अगदी साधा होता. त्यांनी स्वतःलाच दटावलं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यावर संशय घेणं हेही पापच.

फादरांना मात्र त्यांनी त्याच आठवड्यात गाठलं.

फादर जाडजूड आणि बोलके. जिना चढता चढता ते आपल्या गुडघ्यांचा उद्धार करत होते. "सिस्टर, स्वर्गाला जिना असेल तर मी आपला खालीच बरा!" वर जाऊन त्यांनी गळ्यात जांभळा पट्टा घातला आणि भाच्याकडे पाहिलं. आता बोलायची गरज नव्हती. फादर पापनिवेदन ऐकायला बसले की घरच्यांनी खोलीबाहेर जायचं असतं. वेदीसेवकाला हे सांगावं लागत नाही. भाचा बाहेर आला. पण आधी त्याने क्षणभर आत्याकडे पाहिलं.

दार लोटलं गेलं. जिन्याच्या तोंडाशी भाचा, भाचेसून आणि सिस्टर उभे. आतून शब्द येत नव्हते, नुसती कुजबुज येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. भाचेसून ओल्या फडक्याला पीळ घालत होती. पाणी कधीच निथळून गेलं होतं तरी ती पीळ घालतच होती.

"बराच वेळ लागतोय," भाचा म्हणाला.

"लागतो कधी कधी," सिस्टर म्हणाल्या.

"हिची कसली एवढी पापं?" तो हसला, आणि हसता हसताच त्याने दारावर टकटक केली. "फादर, आत्याला दम लागेल!" उत्तराची वाट न पाहता त्याने दार ढकललं.

फादरांनी राहिलेली प्रार्थना म्हटली आणि आजाऱ्यांना लावतात ते पवित्र तेल बाईंच्या कपाळाला आणि तळहातांना लावलं. मग ते खाली उतरले. गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही. बेकरीवाल्याने हाक मारली, तीही त्यांना ऐकू गेली नाही.

"फादर, बरं वाटत नाही का?" सिस्टरांनी विचारलं.

फादर थांबले. त्यांनी वर पाहिलं. "आज हवा छान आहे, सिस्टर," ते म्हणाले.

हवा मुळीच छान नव्हती. आभाळ काळं ठिक्कर पडलं होतं आणि धुळीने डोळे उघडवत नव्हते.

पुढच्या शुक्रवारी सिस्टर शिवणबाईंच्या घरी पोचल्या तर भाचा जिन्याच्या खालीच उभा होता. रस्त्याचं दार त्याने फटीपुरतंच उघडलं होतं.

"आत्या झोपलीय. आणि आता तुम्ही यायची तसदी घेऊ नका, सिस्टर. पापनिवेदन झालं, तेल लागलं. तिची तयारी झाली. आता तिला शांतपणे जाऊ द्या." आवाजात कुठेही कठोरपणा नव्हता. "तुमचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीच फादरांना आणलंत."

दार लागलं.

परत येताना त्यांच्या कानावर गल्लीचं बोलणं पडत होतं. "शिवणबाई आता जायच्याच म्हणे. तेल लावलं ना!" "सुटल्या बिचाऱ्या." "भाच्याने किती केलं हो!" कोणाच्याच बोलण्यात आश्चर्य नव्हतं. सगळ्यांनी बाईंना मनातून पोचवून टाकलं होतं. उद्या घरावर काळं कापड लागलं असतं तर कोणी 'कसं काय?' असंही विचारलं नसतं. सिस्टरांना त्यात काहीतरी खटकलं. पण नेमकं काय, ते अजून त्यांना नीट उमगत नव्हतं.

ते उमगलं शनिवारी, मुलांच्या वर्गात.

पहिल्या कम्युनियनच्या मुलांना शिकवणं हे सिस्टरांचं सगळ्यात आवडतं काम. प्रश्न विचारणाऱ्याला तिथे कधी ओरडा बसत नसे. म्हणून तर एका मुलीचं नाव वर्गाने 'काबाई' ठेवलं होतं; तिच्या बहुतेक वाक्यांत एक 'का' असायचाच.

"फादर आजाऱ्याच्या घरी पापनिवेदन ऐकायला आले," सिस्टर फळ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तर घरातल्यांनी काय करायचं?"

"बाहेर जायचं!" सगळा वर्ग ओरडला.

"का बाहेर जायचं?" काबाईने विचारलंच.

"आजारी माणसाला मोकळेपणी बोलता यावं म्हणून. आणि फादरांनी जे ऐकलं ते ते कोणालाही सांगत नाहीत. जीव गेला तरी. शब्दाने नाही, खुणेने नाही, चेहऱ्यावरसुद्धा दाखवायचं नाही."

"आणि आजारी माणसाने सांगितलं की कोणीतरी त्याला मारतंय, तर?" तिने पुढे विचारलं.

"तरीही नाही. फादर त्याला म्हणतील, हे मला पापनिवेदनाच्या बाहेर पुन्हा सांग, म्हणजे मी काहीतरी करू शकेन."

"आणि तेवढ्यात कोणी आत आलं तर?"

वर्ग हसला. काबाई मात्र विचारात पडली होती. "सिस्टर, मग ज्याला घरातल्यांना बाहेर घालवायचं असेल ना, त्याने पाप केलं नसलं तरी फादरना बोलवावं. का नाही? खोली रिकामी होते!"

मुलं आणखी हसली. सिस्टर हसल्या नाहीत. खडू त्यांच्या हातातच राहिला.

बाईंना पापं सांगायची नव्हती. बाईंना खोली रिकामी करून हवी होती. आणि आपण प्रत्येक शुक्रवारी, दारात उभ्या असलेल्या माणसादेखत, त्यांना हसून सांगत होतो, की तुमची कसली पापं! शेवटी फादरांना नेलं तेही पापनिवेदनाला, जिथलं ऐकलेलं ते कधीही बोलू शकणार नाहीत. आणि वर तेल लावून भाच्याच्या हातात परवानाच दिला.

"सिस्टर, माझं चुकलं का?" काबाईने घाबरून विचारलं.

"नाही गं राणी," सिस्टर म्हणाल्या. "आज तूच बरोबर आहेस."

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी त्या फादरांच्या दारात उभ्या राहिल्या. "फादर, मी तुम्हाला काही विचारायला आले नाही. फक्त सांगायला आले आहे. उद्या मी शिवणबाईंकडे जाणार आहे."

फादर खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, त्यांनी मान वरही केली नाही. बांधलेली नाडी त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं नाही असं ठरवून सिस्टर मागे वळल्या.

मठाच्या प्रमुख, ज्यांना सगळ्या मदर म्हणत, त्या मात्र वर पाहून बोलल्या. "लोकांच्या घरात आपण पाहुण्या म्हणून जातो. आज एकावर आरोप केलास तर उद्या दहा घरांची दारं बंद होतील. तुझ्याकडे पुरावा काय आहे?"

"काही नाही, मदर. एक कडी आहे."

"कडी!"

"आणि मला उद्या मुलांचा धडा घ्यायचा आहे. आजाऱ्याच्या घरी कम्युनियन कसं नेतात, ते प्रत्यक्ष दाखवायचं आहे. बाईंनीच त्यांचे कपडे शिवले असते, हात चालते तर."

मदरनी चष्मा काढून पुसला. "धडा चांगला आहे. धड्याला माझी परवानगी आहे," त्या म्हणाल्या. "त्यापुढचं मी काही ऐकलेलं नाही. अलीकडे मला कमीच ऐकू येतं." मदरना भिंतीपलीकडचं ऐकू येत असे, हे सगळ्या मठाला माहीत होतं.

रविवारी मिस्सेनंतर सिस्टर निघाल्या त्या पांढऱ्या कपड्यातली सगळी पोरं मागे घेऊन. हातात मेणबत्त्या, तोंडी गाणं. खिडक्या उघडल्या, माणसं दारात आली, बेकरीवाला हातातलं काम टाकून टोपी काढून उभा राहिला. शिवणबाईंच्या दारापाशी सगळे थांबले आणि गात राहिले.

भाच्याने दार उघडलं. त्याने सिस्टरांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि मग समोरच्या खिडक्यांकडे. सगळ्या गल्लीदेखत देवाच्या प्रसादाला दार बंद करणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो गुडघ्यावर टेकला. सिस्टर त्याच्या शेजारून जिना चढून गेल्या आणि त्यांच्या मागोमाग मुलं.

वरची कडी लावलेली होती. त्यांनी चवड्यांवर उभं राहून ती काढली.

खोलीत कोंदट, गोडसर वास होता. खिडकीला खिळे ठोकलेले. बाई उताण्या पडल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. आठवड्याभरात त्या निम्म्या झाल्या होत्या. सिस्टरांनी हाक मारली, गालावर हात फिरवला. पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत.

"झोपलीय, सांगितलं होतं मी," मागून भाचा म्हणाला. तो दारात येऊन त्याच्या नेहमीच्या जागी उभा राहिला होता. "लवकर देऊन टाका आणि निघा. पोरं ताटकळत उभी आहेत."

सिस्टरांनी स्टुलावर रुमाल पसरला, डबी त्यावर ठेवली, मेणबत्ती लावली. मग पलंगाशेजारी बसल्या. जिन्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या मुलांना त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलांनो, हा धडा नीट ऐका. आजारी माणूस शुद्धीवर नसेल, त्याला गिळता येत नसेल, तर कम्युनियन देता येत नाही. मग काय करायचं? थांबायचं. तो जागा होईपर्यंत."

"कधी होतील जाग्या?" कोणीतरी विचारलं.

"ते आपल्याला डॉक्टरबाई सांगतील. सगळे मिळून जा आणि त्यांना घेऊन या. म्हणावं, सिस्टर वाट पाहतायत. पळा."

जिना धडधडला आणि रिकामा झाला.

भाच्याचा चेहरा अजून साधाच होता. "याची गरज नव्हती, सिस्टर."

"नसेलही."

भाचेसून दुधाचा पेला घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. "त्यांच्या दुधाची वेळ झाली," ती पुटपुटली, पाठ केल्यासारखी.

"कम्युनियनच्या आधी काही पोटात जायला नको," सिस्टर म्हणाल्या.

"आजाऱ्याला त्यातून सूट आहे," भाचा म्हणाला. "मी वेदीसेवक होतो. मला शिकवू नका."

"सूट आहे, बरोबर. आज मी ती घेत नाही. पेला इथे माझ्याजवळ ठेव, मुली. डॉक्टरबाई आल्या की त्यांना विचारून मीच पाजते."

भाचेसुनीचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि खोलीबाहेर गेला. तीही त्याच्या मागोमाग गेली. स्वयंपाकघरात नळ सुटला. एक पेला विसळायला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ तो वाहत राहिला.

सिस्टर बसून होत्या. झग्याच्या खोल खिशात जपमाळ होती पण ती काढावीशी वाटेना. हात मोकळे ठेवावेत असं वाटत होतं. नळ बंद झाला. पावलं आली, दारापाशी थांबली. आत कोणी आलं नाही.

मग बाहेरून कडी सरकली.

सिस्टरांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी खिळ्यांनी बंद, दार कडीने बंद, आणि पलीकडे जिन्यावर कोण आहे ते कळायला मार्ग नाही. त्यांनी डोक्यावरच्या ओढणीचं टोक बरोबर आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून बाईंचे ओठ ओले केले. पुन्हा भिजवलं, पुन्हा ओले केले. मेणबत्ती हळूहळू खाली येत होती. दुधाची वेळ टळून गेली होती; गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच टळली असावी.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग झग्याची शिवण कोणीतरी चिमटीत धरली.

बाईंचे डोळे उघडे होते. त्या दाराकडे पाहत होत्या. दाराला पाठ लावून तिथे कोणी उभं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहून खात्री करून घेतली.

"पोरी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पापनिवेदन..."

"पापं नका सांगू, बाई. ती ऐकायचा मला अधिकार नाही. तुमच्याशी काय चाललंय, ते सांगा. ते मी ऐकणार, आणि ज्याला सांगायला हवं त्याला सांगणारसुद्धा. खोलीत कोणी नाही. त्यानेच बाहेरून कडी लावलीय."

बाईंच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. त्या हसत होत्या हे कळायला सिस्टरांना थोडा वेळ लागला. "एवढा देवाधर्माचा," बाई म्हणाल्या, "आणि अखेर खोली रिकामी केलीन."

मग त्या बोलू लागल्या. जीभ अडखळत होती, शब्द एकमेकांत गुंतत होते, तरी त्यांनी एक एक टाका घालावा तसं सगळं क्रमाने सांगितलं: दुधाचं, गोळ्यांचं, खाटेखालच्या शाईच्या डबीचं आणि घराच्या कागदांवर उठवलेल्या आपल्या अंगठ्याचं, भाचेसुनीच्या पाठीवरच्या वळांचं. सिस्टर वाकून ऐकत होत्या. मध्ये एकदा जिन्याची पायरी करकरली. बाई थांबल्या. सिस्टरांनी त्यांचा हात घट्ट धरला, आणि त्या पुढे बोलू लागल्या.

खालचं दार आपटलं. जिन्यावर पावलं वाजली. बरीच पावलं होती, हलकीही आणि जडही, आणि त्यांत भाच्याची होती की नव्हती ते सांगता येत नव्हतं. ती दारापाशी येऊन थांबली. सिस्टर उठून पलंग आणि दार यांच्या मधे उभ्या राहिल्या.

"सिस्टर!" बाहेरून काबाईचा आवाज आला. "कडी बाहेरून का लावलीय? आमचा हात पोचत नाही!"

"माझा पोचतो, बाजूला व्हा बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कडी निघत होती तेव्हाही बाईंनी बोलणं थांबवलं नाही.